आपोआप होतं ते

हे लिहायचं जवळजवळ राहिलंच होतं. राहिलं म्हणजे काय, त्यानंच राहू दिलं होतं. दोनदा फाईल उघडली आणि दोनदा 'सेव्ह करायचं का?' ला 'नाही' म्हणून मोकळा झाला. तिसऱ्यांदाही हात तिकडेच चालला होता, पण मधेच त्याला घड्याळजींचे पाय आठवले. मग बसला.

तर गोष्ट अशी.

त्याला सगळे 'आपोआप' म्हणायचे. आईबापांनी चांगलं नाव ठेवलं होतं, हौसेनं. पण कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप होता, दीडएकशे जणांचा, तिथं त्याचं दुसरं बारसं झालं आणि ते नाव पार घरापर्यंत आलं. कारण एकच. ग्रुपवर कुणी बिचाऱ्यानं विचारायचा अवकाश, की 'हार्ड डिस्कची सफाई महिन्यातनं किती वेळा करावी?', की हा दोन मिनिटांत हजर. 'करूच नये. सिस्टीम स्वतः करते. दर आठवड्याला. आपोआप.'

ह्या एका गोष्टीवरून ग्रुपमध्ये दोन तट पडले होते. जुनी मंडळी म्हणायची, डिस्कवर फाईलींचे तुकडे इकडेतिकडे पडत जातात, ते हातानं गोळा करून एका जागी लावलेच पाहिजेत, नाहीतर मशीन गोगलगाय होतं. नवे म्हणायचे, ते दिवस गेले, आता सिस्टीमच वेळ साधून ते काम करते, तुम्ही उगाच लोकांच्या घरी जाऊन टक्के मोजत बसता. भांडणं अशी व्हायची की सासू-सुनांनी शिकवणी लावावी. जुन्यांचे म्होरके काका. नव्यांचा हा.

आणि एक सांगून ठेवायला हवं. तो चुकीचं बोलत नव्हता. कुठल्या क्लासला गेला नव्हता, जे शिकला ते मशीनं मोडून आणि पानंच्या पानं वाचून शिकला होता, आणि हे त्यानं नीट वाचलेलं होतं. सिस्टीम ते काम करतेच.

त्याचा शाळेपासूनचा मित्र म्हणजे टाच्या. टाच्याच्या घरचा कारखाना. कारखाना कसला, तळमजल्यावरची एक लांबलचक खोली. भिंतीला चामड्याच्या गुंडाळ्या, टेबलावर डिंकाचे डबे, मधोमध तळ घासायचं मशीन, ज्याचा आवाज चालू असला की माणसं एकमेकांच्या कानात ओरडायची. तिथं बूट बनायचे, पण दुकानात मिळतात तसले नाही. कुणाचा एक पाय दोन बोटं आखूड, कुणाची बोटंच गेलेली, कुणाचे तळवे बधिर, अशा लोकांचे. टाच्याचे वडील, अण्णा, त्यातले उस्ताद. गिऱ्हाइकाला काचेच्या पाटावर उभं करायचं, पाय स्क्रीनवर उतरवायचा, आणि मग अण्णा खुर्ची ओढून बसायचे. इथं केसभर खाली घे, तिथं जरा उचल. माणसागणिक एक फाईल. त्या फाईलवरून साचा, साच्यावरून बूट.

आठ महिन्यांपूर्वी अण्णांना झटका आला. उजवी बाजू गेली, आणि बोलणंही गेलं. एक शब्द तेवढा राहिला. 'बघू.' भूक लागली तरी बघू, राग आला तरी बघू. टाच्या म्हणायचा, "आमचे अण्णा आता मंत्री झालेत."

त्या खोलीचा एक नियम होता. पूर्वी कधीतरी डिंकाच्या वाफेनं पेट घेतला होता, एका ठिणगीनं. तेव्हापासून खोली सोडून जायचं, मग ते जेवायला का असेना, तर भिंतीवरचा मोठा खटका खाली पाडूनच. सगळी वीज बंद. अण्णांनी तीस वर्षं पाडला, झटक्यानंतर टाच्या पाडायला लागला.

काका तिथं दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायचे. साठी उलटलेली, खांद्याला पिशवी, पिशवीत स्क्रूड्रायव्हर आणि बिस्किटाचा पुडा. सफाई लावायची आणि टक्के चढेपर्यंत खुर्चीत बसायचं. आल्या आल्या पहिलं घासायचं मशीन बंद करायला लावायचे. टाच्याची मोठी बहीण, ताई, तिच्याकडे गिऱ्हाइकांची वही असायची, ती वैतागायची. "काकांचा सोमवार म्हणजे आमचा अर्धा दिवस आडवा."

दीड वर्षापूर्वी ह्यानंच तिथला कॉम्प्युटर नव्यानं लावून दिला, सिस्टीमही नवी टाकली, आणि वर म्हणाला, "काकांना आता कशाला बोलावता? ते जे करतात ना, ते हे स्वतः करतं."

"स्वतः?" ताईनं विचारलं.

"आपोआप."

"बघ हं. नंतर काही झालं तर तुझ्या बोकांडी बसेन."

"बसा. जागा आहे."

काकांचा सोमवार बंद झाला. काकांनी कुरकूर केली नाही, ग्रुपवरसुद्धा नाही. त्याला वाटलं, जिंकलो.

मग ती दुपार. तो कुणाच्या तरी प्रिंटरमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसला होता आणि टाच्याचा फोन आला. मशीन उठत नाही. गेला, बघितलं. पडदा काळा, मग निळा, मग परत काळा. आतून आवाज येत होता. टक्, टक्, खर्र. टक्, टक्, खर्र. चौथ्या-पाचव्या वेळी एकदाचं कसंबसं उघडलं, इतकं हळू की अक्षरं एकेक करून आली. सवयीनं त्याचा हात पहिल्यांदा कुठं गेला, तर त्या सफाईच्या खिडकीकडे. तिथं लिहिलं होतं, वेळापत्रक चालू, दर आठवड्याला. आणि त्याच्याच खाली, शेवटची सफाई: कधीच नाही.

कधीच नाही. कशी होणार? सिस्टीम ते काम करते मशीन रिकामं बसलेलं असताना. इथं मशीन चालू असलं की त्याच्यावर कुणाचा ना कुणाचा पाय असायचा, आणि माणसं उठली की खटका खाली. रिकामं बसायची पाळीच आली नव्हती त्याच्यावर. सिस्टीमनं दीड वर्ष वाट बघितली होती.

पण खरं म्हणजे सफाई न झाल्यानंही काही बिघडलं नव्हतं. सफाई झाली असती तरी डिस्क जायची तेव्हा गेलीच असती. झिजलेल्या डिस्कवर सफाई म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. त्याला दुसरंच काहीतरी आठवत होतं, आणि ते आठवू नये म्हणून तो पडद्याकडे बघत राहिला. तेवढ्यात पडदा परत काळा झाला आणि आतला आवाजही थांबला. तो मग परत आलाच नाही.

"गेलं?" टाच्यानं विचारलं.

"डिस्क गेली."

"सगळ्यांचे पाय त्याच्यात आहेत रे."

त्यानं मशीनचं झाकण काढायला घेतलं.

टाच्यानं भिंतीकडे बघितलं. "मी रोज खटका पाडतो. दिवसातनं दोन-तीनदा. त्यानं तर नाही ना झालं?"

आता इथं 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द. टाच्या आधी मशीन नीट बंद करायचा, दिवा विझला की मगच खटका पाडायचा, हे त्यानं डोळ्यांनी शंभरदा बघितलं होतं. पण ताई दारात येऊन उभी राहिली होती, आणि 'बोकांडी बसेन' तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसत होतं.

"असू शकतं," तो म्हणाला.

ताईनं टाच्याचं जे काही केलं ते त्यानं डिस्क काढताना पाठमोरं ऐकलं. "हजारदा सांगितलं, जपून पाड, जपून पाड. दाणकन पाडतोस. अण्णांची एवढी वर्षं धुळीला मिळवलीस." टाच्या एवढंच म्हणाला, "मी नीट बंद करतो ताई, आधी." दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा त्याचा त्याच्यावरच विश्वास नव्हता.

डिस्क एका प्रयोगशाळेत दिली, डिस्क उघडून आतलं काढणारे लोक असतात तिथं. जायच्या वाटेवर तो बाकावर बसला आणि फोन उघडून तीन आठवडे मागं गेला. तिथं टाच्याचा आवाजी निरोप होता. 'अरे, मशीनमधनं टकटक ऐकू येतेय. आज घासायचं मशीन बंद होतं म्हणून कळलं. बघायला येतोस का?' आणि खाली ह्याचं उत्तर. ते त्यानं परत ऐकलं नाही. त्याच्यावर बोट दाबून धरलं. 'सगळ्यांकडून पुसायचं का?' असं आलं. म्हणजे टाच्याच्या फोनमधूनही गेलं असतं. टाच्या काही जुने निरोप ऐकत बसणारा प्राणी नव्हता.

बोट तिथंच राहिलं. पुसलं नाही. चांगुलपणानं नाही पुसलं असं नाही हं, 'हा निरोप पुसला आहे' अशी ओळ मागं राहते, ती टाच्याला दिसली असती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आठव्या दिवशी प्रयोगशाळेचा फोन आला. आतली तबकडी खरवडली गेलीय. काही निघणार नाही. अजून एक गोष्ट म्हणाले, सहज. "टकटक सुरू झाली तेव्हाच बंद केली असती ना, तर बहुतेक सगळं निघालं असतं."

मग तो काकांकडे गेला. का गेला ते त्याला सांगता यायचं नाही. शिव्या खायला गेला असेल.

काका बनियनवर दारात आले. आतल्या टेबलावर एक रेडिओ उघडा पडला होता. त्यानं सगळं सांगितलं. म्हणजे डिस्क गेल्याचं सांगितलं.

"किती गेलं?" काकांनी विचारलं.

"सगळं. सहाशे बारा जण."

"सगळं नाही." काका उठले, कपाटावरून बुटाचा एक खोका काढला, अण्णांच्याच कारखान्यातला. आत एक डिस्क, तिला रबर, रबराखाली तारखांची चिठ्ठी. सगळे पहिले सोमवार. शेवटची तारीख दीड वर्षापूर्वीची.

तो चिठ्ठीकडे बघत राहिला. "हे कधी केलंत?"

"सफाई चालू असायची तेव्हा. टक्के बघत बसून काय करणार माणूस? चिठ्ठीत अण्णांची सही पण आहे बघ. त्यांना विचारूनच नेत होतो."

"पण ती सफाई…"

"आपोआप होते. माहितीये मला. तुझ्या आधीपासून माहितीये."

"मग ग्रुपवर भांडायचात कशाला एवढे?"

काकांनी रेडिओचा एक स्क्रू बशीत टाकला. "'मी महिन्यातनं एकदा नुसता बघायला येतो' म्हणालो तर कोण घरात घेईल? सफाई म्हटलं की खुर्ची देतात, चहा देतात. तेवढ्यात मी माझं बघून घ्यायचो. डिस्कला कान लावायचो, कॉपी काढायचो. आता ते थोडं खोटंच झालं. म्हणून तर तू तिकडे जाऊन बोललास तेव्हा मी गप्प बसलो. कुठल्या तोंडानं भांडणार?"

"मला सांगायचं होतंत."

"तू विचारलंस कधी?" काकांच्या आवाजात काही नव्हतं, टोमणासुद्धा नाही. "तू जिंकत होतास रे."

दुसऱ्या दिवशी तो खोका घेऊन कारखान्यात गेला. ताईनं वही काढली, एकेक नाव ताडून बघितलं. पाचशे एकाहत्तर मिळाले. त्यानंतरच्या दीड वर्षातले, नवे आणि बदललेले मिळून, एकेचाळीस नव्हते. त्या एकेचाळिसात घड्याळजी होते. घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ, साखरेनं दोन्ही तळवे बधिर. पूर्वी दुसरीकडचा बूट घातला होता, आत तांदळाएवढा उंचवटा होता, ह्यांना कळलंच नाही. मोजा लाल झालेला नातवानं बघितला. दोन बोटं गेली त्यात. त्यांचा साचा म्हणजे अण्णांनी झटक्याच्या आदल्या आठवड्यात केलेलं काम. आताचे बूट झिजलेत, आणि शुक्रवारी ते नवीन जोडासाठी यायचे होते.

"पाचशे एकाहत्तर तर वाचले," ताई म्हणाली. मग टाच्याकडे न बघता, "एकेचाळीस लोकांना आता काय सांगायचं ते ह्यानं सांगावं. खटकेबहाद्दर."

दहा दिवसांत टाच्याचे गाल बसले होते.

जेवायची वेळ झाली. सगळे उठले. टाच्यानं डिंकाच्या डब्याचं झाकण शोधलं, सापडलं नाही, तसाच निघाला. अण्णा खिडकीशी खुर्चीत होते. त्यांनी डावा हात उचलला आणि भिंतीकडे दाखवला. "बघू."

"राहू दे अण्णा."

"बघू. बघू." खुर्चीतून अर्धे उठले. "बघू, बघू, बघू."

"रोजचं झालंय हे," टाच्या ह्याला म्हणाला, हळू. "खटक्यासाठी. पण मी नाही हात लावत आता त्याला. परत काही गेलं तर?"

म्हणजे दहा दिवस हे असं चाललं होतं. डिंकाचा डबा उघडा, वीज चालू, खोलीत एकटे अण्णा. त्यांना खुर्चीतून उठता येत नाही. आणि हे सगळं ह्याच्या एका 'असू शकतं' वर.

तो गेला आणि खटका पाडला. दाणकन. दिवे गेले, खिडकीतला उजेड तेवढा राहिला. अण्णा खाली बसले.

"काय केलंस?" टाच्या म्हणाला.

"खटक्यानं काही होत नाही. तू नीट बंद करत होतास. मला माहीत होतं." त्यानं फोन काढला. "थांब. हे ऐक. ताई, तुम्हीपण ऐका."

आधी टाच्याचा आवाज आला, टकटक ऐकू येतेय म्हणणारा. त्याच्या मागून ती टकटकही येत होती, बारीक, पण स्पष्ट. मग ह्याचा आवाज, तोंडात घास असलेला, मजेत. 'अरे काही नाही रे. सफाई चाललीय डिस्कची. आपोआप होतं ते. आवाज येतोय म्हणजे काम करतंय. तू चालू ठेव बिनधास्त. आणि काकांना तर मुळीच बोलावू नकोस.'



"परत लाव," टाच्या म्हणाला.

परत लावलं.

"त्याच दिवशी बंद केलं असतं तर?"

"बहुतेक सगळं निघालं असतं. प्रयोगशाळावाले म्हणाले."

"आणि हे तुला माहीत होतं. तू डिस्क काढत होतास तेव्हा."

"हो."

"ताई मला बोलत होती तेव्हा."

"हो."

टाच्या स्टुलावर बसला. ताईनं एकदा टाच्याकडे बघितलं. वही छातीशी धरून ती मागं सरकली, आणि डिंकाच्या डब्याचं झाकण शोधायला लागली. सापडलं टेबलाखाली. लावलं.

"दहा दिवस मला अन्न गोड लागलं नाही," टाच्या म्हणाला. "मी अण्णांच्या नजरेला नजर दिली नाही. तुला एकदा फोन करावासा वाटला नाही? एकदा?"

"वाटला. केला नाही."

"जा तू आता."

तो गेला नाही. कुठं उभं राहायचं ते कळेना म्हणून काचेच्या पाटाशी उभा राहिला. अण्णांनी डावा हात पुढं केला, ह्याच्याकडे नाही, टाच्याकडे. टाच्यानं आपला हात त्यांच्या हातात दिला. अण्णांनी त्याचा तळहात उलटा केला आणि त्याच्यावर अंगठा ठेवला. बोटांच्या मुळाशी दाबला, जरा आत. मग थोडा डावीकडे नेऊन एकदम हलका केला, जवळजवळ उचललाच. पुन्हा तेच. पुन्हा.

"घड्याळजी?" टाच्यानं विचारलं.

"बघू," अण्णा म्हणाले.

टाच्यानं डाव्या हातानं कानामागची पेन्सिल काढली आणि अंगठा फिरत होता तिथं आपल्याच तळहातावर रेघ ओढली. ती बरोबर होती की नाही कुणाला माहीत. एका पायाची, एका माणसाची रेघ. अजून चाळीस होते, आणि अण्णांना त्यातले किती आठवणार, आणि अंगठ्यानं किती सांगता येणार, ते तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग टाच्या त्याच्याकडे न बघता म्हणाला, "शुक्रवारी घड्याळजी येणार आहेत. जुना बूट घालून. येताना वाटेत काही झालं तर?"

"त्यांनी यायचंच नाही. आपण पाट घेऊन जायचं त्यांच्याकडे. बाकीच्या चाळिसांकडेही."

"आपण?"

"पाट जड आहे. मी उचलतो."

"आणि सांगणार काय त्यांना? खटका?" टाच्यानं आता पहिल्यांदा मान वर केली. "आणि तुझ्या त्या ग्रुपवर? तिथं तर तू राजा आहेस. तिथं लिहिशील? टकटकीसकट?"

त्याला काकांच्या खोक्यातली डिस्क आठवली, रबर लावलेली.

"लिहितो. सगळं लिहितो, तुला दाखवून मग पाठवतो," तो म्हणाला. "पण आधी घरं. एकेचाळीसच्या एकेचाळीस. प्रत्येक दारात 'डिस्क माझ्यामुळे गेली' हे मी सांगणार. तू फक्त माप घे. तुला एका शब्दानं कुणाला उत्तर द्यावं लागलं ना टाच्या, तर मला परत ह्या खोलीत घेऊ नकोस. उद्या सकाळी नऊला येतो. आधी घड्याळजी."